सेहेचाळीस किलोंची थैली

"निवृत्तीनंतर तुम्ही पाळण्यात बसता म्हणे?"

लखनौतल्या आमच्या मराठी मंडळींत गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात येण्याच्या आत, कोणीतरी हा प्रश्न मला विचारतंच. विचारणारे बहुतेक मोठे अधिकारी असतात, नाहीतर एखाद्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. त्यांच्या निवृत्त्या कशा भारदस्त असतात. माझी ही अशी. पहिली दोन वर्षं मी जरा लाजून उत्तर द्यायचो. नंतर सांगायला लागलो, "हो, बसतो. तुम्ही सुखरूप उतरावं म्हणून मी आधी बसतो." आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलंय, तर एकदा नीटच सांगून टाकतो. लिहिताना एका माणसाबद्दलच जास्त लिहिलं जाईल, आणि ते माणूस मी तपासलेल्या राइडमध्ये कधी बसलंच नाही, हे आधीच कबूल करतो.

मी बापट. पस्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करण्यात गेली. तिथे आमच्या हाताखालून गेलेला डबा चाचणीच्या फेरीला निघाला की ज्याने कागदावर सही केली त्याने त्यात बसायचं, असा रिवाज होता. नियमांच्या पुस्तकात तो कुठेही नव्हता. मला माझ्या पहिल्या फोरमनने शिकवला आणि मी पुढच्यांना. सही करताना हात जपून चालतो, कारण पुढच्या अर्ध्या तासात आपण स्वतःच त्या डब्यात असणार असतो.

निवृत्तीनंतर वर्षभर मी घरात बसून बायकोच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. मग शहराबाहेर, तेलीबागेच्याही पुढे, एक मोठं मनोरंजन उद्यान उभं राहत होतं, तिथे सुरक्षेची तपासणी करायला जुना इंजिनियर हवा होता. महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या आमच्या घरापासून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मालती म्हणाली, "जा. कुकरला तरी उसंत मिळेल."

मालती माझी पत्नी. माहेर गुहागरच्या अलीकडचं, समुद्रावरचं एक लहानसं गाव. लग्न करून लखनौला आली आणि महानगरातल्या एका शाळेत हिंदी शिकवू लागली. कोकणातली मुलगी लखनौच्या पोरांना शुद्ध हिंदी शिकवते, याचा तिला फार अभिमान होता. लहानपणीच्या एका आजाराने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. वयाच्या पन्नाशीत त्यावर उपचार झाले, पण नंतर नंतर ती जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचे डाग बघायची. मी विचारलं की म्हणायची, "रंग काढायला झालाय." दोन दिवसांचा प्रवास करून माहेरी जाणं बंद झालं होतं. विमानात ती कधी बसलीच नाही. आधी सवड नव्हती, आणि सवड झाली तेव्हा तब्येत नव्हती.

उद्यानात आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, रुळांवरून पळणाऱ्या गाड्या, सगळं होतं. पण तीन वर्षांनी जी नवी राइड आली ती वेगळीच होती. आमचे सगळे कर्मचारी तिला उड़नखटोला म्हणत. वीस खुर्च्या दोन रांगांत, खाली सहा यांत्रिक पाय, समोर आणि वर घुमटासारखा पडदा. दिवे गेले की खुर्च्या उचलून पुढे नेल्या जातात, आपले पाय अधांतरी लोंबतात आणि पडद्यावर आपण हिमालयावरून उडायला लागतो. वास्तविक आपण जागचे चार-पाच हातसुद्धा हललेले नसतो. पडदा वळतो त्याच क्षणी खुर्ची त्या बाजूला जराशी कलते, वारा सुटतो आणि शरीर फसतं.

सगळी कला त्या "त्याच क्षणी"मध्ये आहे. पडदा आधी वळला आणि खुर्ची पापणी लवण्याइतकी उशिरा कलली, तर डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल दुसरंच सांगतो. दोघांच्या भांडणात पोटाची वाट लागते. पहिल्या आठवड्यात माझी लागली होती. राइडच्या दारात, निगमसाहेबांच्या नव्या बुटांवर. निगमसाहेब आमचे व्यवस्थापक. ते अस्सल लखनवी असल्यामुळे त्यांनी आधी माझी चौकशी केली आणि मग बुटांकडे पाहिलं.

मी त्या राइडमध्ये वीसच्या वीस खुर्च्यांवर बसलो, प्रत्येकीवर कितीतरी वेळा. कडेच्या खुर्चीवर कलणं जास्त जाणवतं, मागच्या रांगेत वारा कमी पोचतो, सात नंबरवर हिमालय उतरताना मानेला हिसका बसायचा. प्रत्येक फेरीनंतर उतरून वहीत लिहायचं, यंत्र बसवणाऱ्यांशी भांडायचं, पुन्हा बसायचं. यंत्राच्या खोलीत बटणांपाशी शबनम असायची. तेलीबागेत राहणारी, आयटीआय शिकलेली पोरगी, हात अत्यंत स्थिर. तिला मी सगळं शिकवलं आणि एक गोष्ट रोज घोकून घेतली. सुरक्षेच्या बाबतीत समोर कोणीही असो, मालक असो की मंत्री, की मी स्वतः, नियमाबाहेर बटण दाबायचं नाही.

"आप भी, साहब?" तिने पहिल्यांदा हसून विचारलं होतं.

"मैं तो सबसे पहले," मी म्हणालो होतो.

माणसं बसण्याआधी थैल्या बसतात. वाळू भरलेल्या जाड कापडी थैल्या, प्रत्येकीवर रंगाने वजन लिहिलेलं. त्यांना खुर्चीत ठेवून पट्टा लावायचा आणि पूर्ण फेरी चालवायची, कोणती थैली सरकते ते पाहायला. थैल्या आत असताना माणसाने आत थांबायचं नाही, हा माझाच नियम. एखादी सुटली आणि वरून अंगावर आली तर माणूस संपला.

बाहेरून आलेल्या पुस्तकात सर्वांत हलक्या प्रौढ माणसाचं जे वजन दिलं होतं ते वाचून मला हसू आलं. आमच्याकडच्या निम्म्या बायका त्याहून हलक्या. त्यांच्या हिशेबाने पट्टा लावला तर आपली एखादी काकू त्यातून घसरून खाली जायची. त्या संध्याकाळी मी घरी मालतीला न्हाणीघराबाहेरच्या काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस किलो. दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस किलोंची एक थैली भरून घेतली आणि नऊ नंबरच्या खुर्चीवर बसवली. पहिल्या फेरीत ती दोन बोटं सरकली. सगळ्या वीस पट्ट्यांची ठेवण आम्ही बदलली. त्या थैलीमुळे किती बारीक बायका निर्धास्त बसल्या असतील, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात समाधानाचं काम आहे.

घरी सांगितलं तेव्हा मालती पोळ्या लाटत होती. "म्हणजे माझ्या वजनाची थैली उडून आली?"

"दोनदा."

"आणि काय काय पाहिलं तिने?"

मी सांगितलं. हिमालय, वाळवंट, एक किल्ला, मोठी नदी, आणि शेवटून दुसरं दृश्य कोकणचं. लाटणं थांबलं.

"कोकण म्हणजे कुठलं गाव?"

"नाव नाही दिलेलं. पश्चिम किनारा म्हणे."

"कसं दिसतं ते सांगा."

एक छोटा उपसागर, माडांची रांग, लाल दगडाची घाटी, एक देऊळ, खाडी येऊन समुद्राला मिळते. मी एवढं सांगितलं आणि ती पोळी तव्यावर टाकायची विसरली.

"खाडी डावीकडे की उजवीकडे?"

मी विचारात पडलो. इतक्या वेळा बसलो होतो, पण माझं लक्ष पट्ट्याकडे, कलण्याकडे, वाऱ्याकडे. "डावीकडे बहुतेक."

"विमान समुद्रावरून आत येतं की डोंगरावरून बाहेर जातं? देवळापुढे दीपमाळ आहे का? घाटीला वळण एक की दोन?" तिने दहा प्रश्न विचारले आणि मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. मी तिच्या गावी चार-पाच वेळाच गेलेलो, तेही एसटीने. ते गाव वरून कसं दिसेल, मला काय कल्पना? फोटो काढावा, तर आत मोबाइल न्यायला बंदी. चित्रपट ज्यांचा त्यांच्याशी तसा करार होता, आणि ती बंदी पाळली जाते की नाही हे पाहणारा मीच.

"ते आमचंच आहे," ती म्हणाली. "मला एकदा पाहू द्या, मी सांगते."

तिला त्या राइडमध्ये बसायचं होतं. वर्षानुवर्षं तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

राइडला वासही होते. हिमालयाला देवदाराचा, नदीला ओल्या मातीचा, किनाऱ्याला समुद्राचा. कंपनीने पाठवलेली समुद्राची बाटली मी घरी नेली. मालतीने झाकण उघडून लगेच बंद केलं. "हा समुद्र नाही, हा दवाखाना आहे."

मग ती मला जुन्या लखनौतल्या चौक बाजारात एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडे घेऊन गेली. शाळेतल्या निरोपसमारंभांना अत्तर त्याच्याकडूनच यायचं. लखनौमध्ये पहिल्या सरीच्या मातीचं अत्तर करणारी माणसं आहेत, समुद्राचं त्यांना काय जड? म्हातारा म्हणाला, "बहनजी, समंदर हमने देखा नहीं। आप बताती जाइए, हम बनाते जाएँगे।"

ती लाकडी बाकावर बसून सांगत राहिली. ओली वाळू. खारवलेलं लाकूड. भिजवलेला काथ्या. त्याने एकेक थेंब मिसळून काडीवर पुढे करायचा, तिने मान हलवायची. शेवटी ती म्हणाली, "सब ठीक है, पर इसमें थोड़ा सड़ा हुआ भी चाहिए।"

"सड़ा हुआ?" म्हाताऱ्याने बाटली खाली ठेवली. "बहनजी, सारी उम्र ख़ुशबू बनाई है।"

"थोड़ा-सा। जैसे दूर कहीं मछली सूख रही हो।"

"तुमच्या घरात कुठे खातात मासळी?" मी मराठीत म्हटलं.

"खात नसलो तरी वास सगळ्या गावाला सारखाच येतो," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्यापुढे हात टेकले आणि कुठल्याशा मुळीचा एक उग्र अंश त्यात टाकला. तिने काडी नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली. डोळे भरले होते. राइडमध्ये तेल चालत नाही, फवारे तुंबतात, म्हणून त्याने ते पाण्यात विरघळेल असं करून दिलं. आजही किनाऱ्याच्या दृश्याला तेच वापरतात. लोक उतरताना म्हणतात, सगळं छान, पण शेवटी कसला तरी वास येतो. मी काही बोलत नाही.

राइड उघडायच्या आधी दारावरच्या सूचना तयार करायच्या होत्या. मसुदा माझा, सुवाच्य अक्षर मालतीचं. जेवणाच्या टेबलावर बसून तिने स्वच्छ हिंदीत उतरवून दिलं, रंगाऱ्याने नुसतं गिरवलं. "गर्भवती महिलाएँ, हृदय रोगी..." इथे ती थांबली.

"हृदय रोगी म्हणजे सगळेच?"

"सगळेच. कोणाची झडप, कोणाची नस, दारातल्या माणसाने कसं ठरवायचं?"

तिने ओळ पूर्ण केली. अक्षर कुठेही हललेलं नव्हतं.

लोकांसाठी उघडण्याआधी एक दिवस कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावतात. शबनमची अम्मी आली, दोन खाला, म्हणजे मावश्या, आल्या. निगमसाहेबांचे सासरे आले, ते उतरल्यावर आपलं सामान कुठे मिळेल विचारत होते. एक आजी हिमालयापासून शेवटपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. एकाने अर्ध्या फेरीत ओरडून राइड थांबवली, कारण त्याला आठवलं की स्कूटरला कुलूप लावलेलं नाही. आणि रांगेत मालती उभी होती. पांढरी चिकनकारीची साडी, पायांत पट्टा असलेली नवी चप्पल, लोंबत्या पायांतून निसटू नये म्हणून मुद्दाम घेतलेली.

मी दारात कागद घेऊन उभा. ती जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंय मी. ते म्हणाले, फार हिसके नसतील तर बसा."

आमचे डॉक्टर भले गृहस्थ, तिचं हृदय वीस वर्षं बघणारे. पण त्यांनी सात नंबरचा हिसका पाहिला नव्हता. पाच-सहा लोक बघत होते. माझ्याच सूचना माझ्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या होत्या.

मी म्हणालो, "डॉक्टरांना हृदय कळतं, राइड मला कळते."

मराठीत बोललो म्हणून कोणाला कळलं नसेल असं मला वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या शबनमला सुरावरूनच कळलं होतं. तिने मान खाली घातली.

मालती म्हणाली, "बरं. मी बाकावर बसते. तुम्ही तुमचं काम करा."

राइडच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून एक बाक आहे. ती तिथे बसली, दुपारच्या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत. परतताना गाडीत मी म्हटलं, "रागावलीस?"

"नाही. थैलीला परवानगी आहे आणि मला नाही, एवढंच." मग थोड्या वेळाने, "त्या बाकाच्या वर जाळी आहे ना, तिथून प्रत्येक फेरीला तो वास बाहेर येतो. देवदार, मग माती, आणि मग आपला. मी ओळखायला लागले, आता कुठे आलेत सगळे."

तेव्हा मी तिला शब्द दिला. या यंत्राचे पाय बंद ठेवूनही नुसता चित्रपट चालवता येतो. खुर्च्या जमिनीवरच राहतात, हिसका नाही, कलणं नाही. एका सकाळी, लोक यायच्या आधी, मी तिच्यासाठी अशी शांत फेरी लावणार होतो. त्यासाठी निगमसाहेबांना विचारायचं होतं. एवढंच करायचं होतं.

खरं सांगतो, मी विचारलं नाही. पस्तीस वर्षांत कारखान्यातला एक स्क्रू घरी आणला नाही, सरकारी गाडीने कधी भाजी आणली नाही. घरच्यांसाठी राइड चालवा म्हणायला माझी जीभ रेटेना. उघडल्यावर गर्दी लोटली, रांग फाटकापर्यंत. मी म्हटलं, गर्दी ओसरू दे. मग शाळांना सुट्ट्या लागल्या. मग पावसाळ्यात पायांची दुरुस्ती निघाली. हैदराबादहून केतकीचा, आमच्या मुलीचा, फोन आला की ती म्हणायची, "पापा, मम्मी को एक बार बैठा दो ना, यार।" मी म्हणायचो, बसवतो गं. मालतीने मला एकदाही आठवण केली नाही. फक्त मी घरी आलो की कधीतरी विचारायची, "खाडी कुठल्या बाजूला, पाहिलंत का?" आणि मी म्हणायचो, अरे, राहिलंच.

एकदा मात्र मी खास त्यासाठी बसलो. ठरवून, नुसतं किनाऱ्याकडे पाहायचं म्हणून. पण वाळवंटावर असताना शेजारच्या खुर्चीच्या पट्ट्याचा आवाज वेगळा आला आणि माझं डोकं त्यात गेलं. भानावर आलो तेव्हा शेवटचं दृश्य चालू होतं. किनारा होऊन गेला होता.

भाद्रपदात, गौरी जेवल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, मालती गेली. दुपारी वही तपासत होती. निवृत्त झाली तरी शेजारच्या मुलीचा निबंध तपासायची. मी उद्यानात होतो.

दिवस झाल्यावर डॉक्टरांना भेटायला गेलो, कागद परत घ्यायचे होते. ते म्हणाले, "भाभीजी आपके झूले का बहुत ज़िक्र करती थीं। बैठीं आख़िर?" मी नाही म्हटलं. ते कागद चाळत राहिले. मी विचारलं, बसली असती तर चाललं असतं का? ते म्हणाले, "बापट साहब, अब यह हिसाब मत लगाइए।"

पण मी तो लावतो. राइडच्या पूर्ण फेरीबद्दल मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं, आणि त्या वाटण्याचा काही उपयोग नाही. शांत फेरीसाठी नुसतं विचारायचं होतं.

कामावर परतलो त्या आठवड्यात मी निगमसाहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, दर मंगळवारी सकाळची पहिली फेरी पाय बंद ठेवून चालवू या. म्हातारी माणसं, आजारी माणसं, पोटुशा बायका, सगळ्यांना बसता येईल. चार कारणं तयार करून गेलो होतो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत मान डोलावली. "अरे, इसमें क्या है, बापट साहब। पहले कह देते।"

मी त्यांच्या खोलीतून बाहेर आलो आणि जिन्यात भिंतीला हात लावून उभा राहिलो. भिंतीवर डाग होते.

शांत फेरी आता चालू आहे. मंगळवारी गोमती नगरच्या सोसायट्यांतून म्हातारी जोडपी येतात, काठ्या बाहेर ठेवून बसतात. एक आजोबा दर आठवड्याला येतात आणि वाळवंट आलं की बायकोला कोपर मारून सांगतात की आपली इथे बदली झाली होती. मी दारात उभा राहून पट्टे तपासतो. आत बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्षाची तपासणी आली. पुन्हा सगळ्या थैल्या गोदामातून बाहेर निघाल्या. शबनमने यादी वाचत विचारलं, "साहब, छियालीस वाली नौ नंबर पर ही रहेगी?"

मी म्हटलं, हो. ती मी स्वतः उचलून नेली. कापड वर्षभरात मळलं होतं, आकडा तेवढा स्वच्छ होता. खुर्चीत ठेवली, पट्टा लावला, दोन वेळा ओढून पाहिला. सगळे बाहेर गेले. मी मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या दहा नंबरच्या खुर्चीवर बसलो आणि माझाही पट्टा लावला.

यंत्राच्या खोलीतून शबनमचा आवाज आला. "साहब, आप अंदर हैं।"

"मालूम है। चलाओ।"

खुर्च्या हलल्या नाहीत. मग आतला दिवा लागला आणि ती स्वतः दारात आली.

"साहब, आप उतर आइए।"

"शबनम, एक ही चक्कर।"

"थैलियों के साथ कोई नहीं बैठता, साहब। नियम आपका है।" तिचे हात नेहमीसारखेच स्थिर होते. "आपने ही कहा था, सबसे पहले आप।"

मी पट्टा धरूनच बसलो. रागावलो होतो, ते लपवत नाही. जित्याजागत्या बाईसाठी जो नियम वाकवला नाही तो मी वाळूच्या थैलीसाठी मोडायला निघालो होतो, आणि मी शिकवलेली पोरगी मला आडवी आली होती. दारात कागद घेऊन उभा असलेला मी त्या दिवशी मालतीला कसा दिसलो असेन, ते मला तिथे कळलं. पट्टा काढायला मला जरा वेळ लागला.

"ठीक है," मी म्हणालो. "मैं बेंच पर बैठता हूँ। तुम अपना काम करो।"

शबनमने चमकून वर पाहिलं. मग डोळे पुसत खोलीत गेली.

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. थंडीचं कोवळं ऊन होतं. भिंतीच्या आत सहा पाय उचलले गेल्याचा दणका पाठीला जाणवला. एकोणीस थैल्या माझ्याशिवाय उडाल्या. जाळीतून आधी देवदार आला. मग काहीच नाही, वाळवंटाला वास नसतो. मग ओली माती. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाट पाहत होतो.

मग आला. ओली वाळू, खारं लाकूड, काथ्या, आणि मागे कुठेतरी लांब वाळत असलेली मासळी. तो सावकाश वाऱ्यावर गेला.

खिडकी उघडून शबनमने विचारलं, "साहब, सब थैलियाँ अपनी जगह पर हैं। नौ नंबर भी। तीन चक्कर होने हैं न? दूसरा चलाऊँ?"

"चलाओ," मी म्हणालो आणि बाकावर जरा सरकून बसलो.